शिशाची पिशवी

त्या वर्षी दोह्यात उन्हाळा असा पडला होता की अल मन्सूरातल्या किराणा दुकानाच्या पाटीवर रंगवलेल्या उंटालाही घाम सुटायचा. वर्ल्ड कपला किती दिवस उरले ते दाखवणारं समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावरचं घड्याळ भर दुपारी मधेच दम खायला थांबतं, असं टॅक्सीवाले शपथेवर सांगत. अशा उन्हात राजाभाऊ गायधनी शर्ट पँटीबाहेर सोडून, उजव्या कमरेला पाऊण किलो शिसं बांधून हिंडत होते.

शिसं का, तर पिस्तूल घ्यायचं होतं म्हणून.

इथे नाही हो! इथे तो शब्द मोठ्यानं उच्चारायचीही राजाभाऊंची छाती नव्हती. घ्यायचं होतं नाशकात. स्टेडियमच्या एसीचं काम संपलं होतं, कंपनीनं हार घालून फोटो काढला होता आणि मॅचेस सुरू व्हायच्या आत कायमचं घरी जायचं ठरलं होतं. घर म्हणजे मखमलाबादच्या बाजूला जन्मभराच्या नोकरीतून घेतलेला प्लॉट आणि त्यावरचं छोटं बांधकाम. कोविडच्या वर्षी राजाभाऊ सुट्टीवर गेले आणि तिथेच अडकले, तेव्हा सोपानशेठ नावाच्या गृहस्थानं आपला जेसीबी आणून त्या प्लॉटवर उभा केला. काढा म्हटलं, तर तो हसत म्हणाला, "साहेब, या वयात पडलात-झडलात तर उचलायला कोण आहे तुम्हाला?"

बस, एवढंच. पण त्या रात्रीपासून राजाभाऊंची झोप गेली ती गेलीच. त्याच भरात त्यांनी हत्याराच्या परवान्याचा अर्ज केला. पुढे ते विसरून गेले, पण सरकार विसरलं नाही. आता परवाना मंजूर झाला होता, आणि मुदतीत हत्यार घेतलं नाही तर तो बाद होणार होता.

विभावरीबाईंनी हे सगळं कणीक मळता मळता ऐकलं. "घ्या की," त्या म्हणाल्या. "तुम्ही आणि तुमचं पिस्तूल, दोघं राहा नाशकात. मी इथे अंतराकडे राहते. मुऐदरला तिच्याकडे खोली रिकामीच आहे. व्हिसाचं जावई बघतील."

"अगं, पण मी एकटा तिकडे..."

"एकटे कसे? ते असेल ना कमरेला."

ही धमकी नव्हती. धमकी असती तर राजाभाऊ घाबरले नसते. लग्न ठरताना ही बाई म्हणाली होती, मी कारलं खाणार नाही. तेव्हापासून गायधन्यांच्या घरात कारलं आलेलं नव्हतं. बाजारात राजाभाऊंना बघून कारलीच टोपलीत खाली सरकत, असं लोक म्हणत.

तेव्हा राजाभाऊंनी आपल्या इंजिनिअरी डोक्यानं मार्ग काढला. विभाचा राग पिस्तुलावर नाही, दिसणाऱ्या पिस्तुलावर आहे, असं त्यांनी धरलं. दिसलंच नाही, तर चार महिन्यांत विसरेल. म्हणजे प्रश्न फक्त निवडीचा उरला. असं छोटं, असं चपटं निवडायचं की शेजारी झोपणाऱ्या बायकोलाही पत्ता लागू नये. मग ती येईल. ती येणारच.

सल्ला द्यायला रेमंड घोन्साल्विस होता. वसईचा माणूस, आता एका हॉस्पिटलच्या ऑफिसात होता, पण ऐन तारुण्यात त्यानं मुंबईत फोर्टातल्या बंदुकीच्या दुकानात सेल्समनकी केली होती. किती वर्षं, ते त्याच्या सांगण्यातून दर खेपेला वाढत असे. बोलणी त्याच्या गाडीत झाली. चहाच्या दुकानासमोर गाडी लावायची, हॉर्न द्यायचा, करकचे, म्हणजे कडक दुधाळ चहाचे, कप खिडकीतून आत घ्यायचे आणि काच वर करायची. ह्याच्याइतकी गुप्त जागा अख्ख्या कतारात नाही.

"बोल," रेमंड म्हणाला. "दाखवायला पाहिजे की लपवायला?"

"लपवायला. हिलासुद्धा कळता कामा नये."

"मग रिव्हॉल्व्हर विसर. त्याचं चक्र पोटावर गोळ्यासारखं येतं. तुझं एक पोट आधीच आहे, त्याला आणि पिल्लू कशाला? चपटं पिस्तूल घे. आणि नळी बघत बसू नको. नळी पँटीत जाते, तिला कोण बघतो? मूठ वर राहते. शर्टातून डोकावते ती मूठ."

"मग आखूड मुठीचं."

"आखूड घेतलं तर करंगळीला जागा नाय. झटका सगळा मनगटात, गोळी शेजाऱ्याच्या टाकीत. लांब घेतलं तर आंधळ्याला पण दिसतं." रेमंडनं चहाचा घोट घेतला. "दुकानात हातात धरून सगळ्यांना सगळंच आवडतं रे. कमरेला बांधून जगायला लागतं, तेव्हा कळतं. आमच्याकडून एक शेट घेऊन गेला होता. एवढा जाडा, की दुसऱ्याच दिवशी पिस्तूल हरवलं म्हणून बोंबलत आला. पोलिसात तक्रार, गड्यांची झडती. दिवाळीला बायकोनं उटणं लावायला घेतलं, तेव्हा दुसऱ्या वळीतून खाली पडलं."

"खोटं बोलू नको."

"आईशपथ! उटणं लागून चकचकीत झालेलं."

रेमंडला कॉर्निशवर मासे धरायचा नाद होता. गळाला बांधायची शिशाची वजनं त्याच्याकडे डबाभर. ती त्यानं जुन्या जीन्सच्या कापडात घट्ट शिवून साबणाच्या जाड वडीसारखी पिशवी केली. "पिस्तुलाचा आकार द्यायचा नाय, पकडलं तर दोघं आत. नुसतं वजन आणि जाडी. ही घालून घरात, दुकानात, मॉलमध्ये फिर. ऑफिसच्या गेटवर मशीन असतं, तिथे गाडीत ठेव. कोणी विचारलं, की समज वजन जास्त झालं. मग हलकं बघू. ज्याचा पत्ता लागणार नाय, तेवढं पिस्तूल तुझं."

पहिल्याच दुपारी अल मुंतझातल्या घरच्या इमारतीत लिफ्टमध्ये भेटलेली रुकैयाबी, जिच्याकडे विभावरीबाई ब्लाउज शिवायला टाकत, हळूच म्हणाली, "भाईसाब, हर्निया का ऑपरेशन जल्दी करा लो. मेरे मियाँ ने टाला था." राजाभाऊ 'इन्शाल्ला' म्हणून दुसऱ्याच मजल्यावर उतरले.

रेमंडनं मूठभर शिसं काढलं. मग आणखी काढलं. तरी काही ना काही व्हायचंच. खाली वाकलं की पिशवी बरगडीत घुसायची, गाडीत बसलं की मांडीत. घामानं जीन्सचं कापड कातड्याला घासून तिथे लाल चट्टा उठला, त्याला रोज पावडर. रस्त्यात कोणी ओळखीचं दिसलं की राजाभाऊंचा उजवा हात आपोआप कमरेवर जायचा, पिशवी आहे ना बघायला.

"ह्या हातानंच तू मरशील," रेमंड वैतागला. "माल दिसत नाय, तुझा हात दाखवतो. हात लावू नको!"

"लावत नाही रे, जातो."

"मग बांध त्याला."

राजाभाऊ थकले. संध्याकाळी गाडीतून उतरून घरी येईपर्यंत त्यांचे पाय गळून जात. स्टेडियमच्या कामात भर उन्हात छतावर चढले होते, तेव्हा इतकं दमायला झालं नव्हतं. आणि ह्यातली खरी गोम अशी, की विभावरीबाई काहीच बोलत नव्हत्या. पावडरचा डबा संपला की नवा आणून ठेवायच्या, एवढंच. राजाभाऊंना वाटे, जमलं! हिला कळलेलं नाही.

गणपतीत अंतराकडे जायचं होतं. मुऐदरच्या व्हिलात दरवर्षी दीड दिवसाचा गणपती बसे, आणि पूजेला मान राजाभाऊंचा. सकाळी ते तिथे पोचले, तोवर पिशवी अगदी पत्त्याच्या कॅटाएवढी झाली होती. रेमंडनं सांगितलं होतं, आज शेवटची परीक्षा. संध्याकाळी मी आणि ग्रेसी दर्शनाला येतो, तेव्हा निकाल. नाशिकच्या बंदुकीच्या दुकानदारानंही उद्या फोन करा, काय पाहिजे ते सांगा, म्हणून रेमंडकडे निरोप ठेवला होता.

आणि मग अंतरानं वडिलांच्या हातात सोवळं ठेवलं. "बाबा, चेंज करून या. गुरुजी ऑनलाइन आलेत, वेट करताहेत."

राजाभाऊंनी आतल्या खोलीत रेशमी कद नेसला आणि त्यांच्या लक्षात आलं की कदाला पट्टा नसतो. पिशवी खोचली, ती सरळ मांडीवरून घरंगळत पायावर आली. पुन्हा खोचली, या वेळी कदासकट निघाली. इतके आठवडे पट्ट्यांचा, शर्टांचा, मुठींचा विचार केला, पण ज्या घरात वर्षातून दहा वेळा सोवळं नेसायचं त्या घराचा विचार ना रेमंडला सुचला होता ना इंजिनिअरला. उघडे खांदे, सुटलेलं पोट, एका हातात कद आणि दुसऱ्या हातात शिसं, अशा अवस्थेत ते उभे असताना विभावरीबाई आत आल्या.

त्यांनी मागे दार लोटून घेतलं.

"द्या इकडे," विभावरीबाई म्हणाल्या.

"कपाटात ठेव कुठेतरी. मी तुला सगळं सांगतो..."

"आधी पूजा करा. गुरुजी मोबाइलवर खोळंबलेत."

पूजा झाली. विभावरीबाई शेजारी पाटावर बसल्या होत्या, रिवाजाप्रमाणे नवऱ्याच्या हाताला हात लावून. गुरुजींनी पुण्याहून मंत्र म्हटले, मधेच त्यांचं नेट गेलं, आरती जावयानं, कैवल्यनं, खड्या आवाजात निभावली. मग मोदक, पानं, वाढणं. विभावरीबाई खाली बसत होत्या, उठत होत्या, वाकून तूप वाढत होत्या. संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर दर्शनाला माणसं लोटली. त्यांनी तीस-चाळीस जणांना प्रसाद दिला, लहानांना कडेवर घेतलं, मोठ्यांच्या पाया पडल्या.

गर्दी ओसरल्यावर रेमंडनं राजाभाऊंना कोपऱ्यात घेतलं. "काय रे, कुठेय? मला तर काहीच दिसत नाय. शाबास!"

"माझ्याकडे नाहीच. सकाळीच हिच्याकडे दिली. कपाटात असेल."

"कपाटात नाही," मागून विभावरीबाई म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला, कमरेशी निऱ्यांच्या आत दोन बोटं घातली आणि कनवटीची पिशवी काढून रेमंडच्या तळहातावर ठेवली. सकाळपासूनच्या उबेनं ती गरम झाली होती.

रेमंडचं तोंड उघडंच राहिलं. "वहिनी! दिवसभर?"

"सकाळपासून. माझी आजी आयुष्यभर तिथे किल्ल्यांचा जुडगा, तपकिरीची डबी आणि सुटे पैसे घेऊन वावरली, भाऊजी. तिला कोणी नाही विचारलं, मूठ आखूड की लांब."

"ग्रेसी, बघ! ही बाई फोर्टात असती, तर आमच्या मालकानं खिडकीत उभी केली असती!" रेमंड खदखदून हसला. राजाभाऊही हसले. त्यांना एकदम आशा वाटली होती. हिनं स्वतःहून कमरेला लावली, म्हणजे हिचा राग गेला. म्हणजे ही येणार.

"म्हणजे तुला चालेल?" त्यांनी विचारलं.

विभावरीबाई खाली सतरंजीवर बसल्या. दिवसभराच्या शिणानं त्यांचा चेहरा उतरला होता. "मला बघायचं होतं, तुम्ही इतके का दमता. म्हणून लावली." त्यांनी पाय लांब केले. "कैवल्यरावांच्या ऑफिसातला तो उंच मुलगा आला होता ना, देवव्रत? दारात उभा राहून त्यानं खिशात हात घातला. देवापुढे ठेवायला पाकीट काढत होता बिचारा. आणि माझा हात इथे गेला." त्यांनी कमरेवर हात ठेवला. "शिसं आहे, हे मला ठाऊक होतं. तरी गेला. त्यानंतर जो आला, त्याच्या चेहऱ्याकडे माझं लक्षच नव्हतं, मी हातांकडे बघत होते. घरात गणपती, आणि मी आलेल्या माणसांचे हात बघतेय! शेवटी शेवटी कोण येऊन गेलं तेसुद्धा मला आता सांगता येणार नाही."

ग्रेसीनं रेमंडच्या हातातली पिशवी घेऊन आपल्या पर्समध्ये टाकली.

राजाभाऊंना आठवायला लागलं. मेट्रोत समोर बसलेला तो पाकिस्तानी म्हातारा, लिफ्टमधला भाजीवाला, ऑफिसची सायरा, जी रोज 'गुड मॉर्निंग सर' म्हणायची. एकाचाही चेहरा त्यांना धड आठवेना. आणि सोपानशेठ? त्याचा चेहरा मात्र लख्ख दिसत होता. हे सगळं कमरेला बांधून ते मखमलाबादला जाऊन राहणार होते, जन्मभर. आणि त्याला ते घर म्हणणार होते.

"रेमंड," ते म्हणाले, "उद्या त्या दुकानदाराला कळव. नको म्हणावं."

"अरे, पण मी तुझ्यासाठी मनात एक धरलं होतं," रेमंड हिरमुसला. "चपटं, मूठ मध्यम..."

"चांगलंच असेल."

"आणि परवाना?"

"होऊ दे बाद."

रेमंडनं खांदे उडवले. "खलास. मोदक आहेत का वहिनी अजून?"

तो आणि ग्रेसी डबा घेऊन गेल्यावर राजाभाऊ भिंतीला पाठ टेकून सतरंजीवर बायकोच्या शेजारी बसले. आतून अंतराचा भांडी लावल्याचा आवाज येत होता.

"तो जेसीबी तसाच आहे हं," ते म्हणाले. "मी गेलो की सोपानशेठ पुन्हा येणार. मला भीती वाटते, विभा."

"मलाही वाटते. वकील करू. नाहीच जमलं तर विकून टाकू, मिळेल त्या भावात."

"आणि राहायचं कुठे?"

"कॉलेज रोडला भाड्यानं बघा. दुसरा मजला, लिफ्ट हवी. माझे गुडघे काही आता जिने चढायचे नाहीत."

राजाभाऊंना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तू येणार?"

"लिफ्ट असेल तर," विभावरीबाई म्हणाल्या आणि भिंतीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले.

राजाभाऊंना वाटलं होतं, हे ऐकून किती हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. प्लॉट जाणार होता, तो घेताना पाहिलेलं सगळं जाणार होतं, आणि सोपानशेठ हसणार होता. पण त्यांच्या पापण्या आपोआप जड होत होत्या. बऱ्याच दिवसांनी येणारी झोप होती ती. बसल्या बसल्याच ते बायकोच्या खांद्यावर कलंडले, आणि थोड्या वेळानं असे घोरू लागले की अंतरानं बाहेर येऊन आधी गणपतीपुढची समई विझली तर नाही ना, ते बघितलं.