जमिनीला लावलेला कान

विनी सग्डनला स्वयंपाकघराच्या फरशीखालून पाणी ऐकू यायचं. टपटप नव्हे, सूं सूं पण नव्हे. कुणीतरी शेजारच्या खोलीत हळू बोलत बसलंय आणि शब्द तेवढे लागत नाहीत, असं. चहाचा कप हातात घेऊन ती ऐकत बसायची. चहा गार व्हायचा, खिडकीतला डोंगर धुक्यात विरघळायचा, आणि आपण घरात बसलोय की एखाद्या संथ होडीत, ते तिला कळेनासं व्हायचं.

लेकीला, नोरीनला, हे सांगितलं तीच चूक झाली. नोरीन पोस्टात खिडकीवर बसायची. कुणाला दिवस गेले, कुणाचं लग्न मोडलं, कुठली गिरणी बंद पडणार, सगळं तिला आधी ठाऊक. पोरीचा कान कायम जमिनीला, असं अख्खं गाव कौतुकाने म्हणायचं. पण आईचं म्हातारपण तिने भलत्याच घाईने ओळखलं. वृद्धाश्रमाचा फॉर्म आणला, सही करून सोमवारी द्यायचा म्हणाली. विनीने एकच मागितलं, आधी पाणीखात्याच्या माणसाला बोलव. गळती निघाली तर मी इथेच राहणार. नोरीन म्हणाली, बरं, आणि नाही निघाली तर गुमान सही करायची.

रविवारी सकाळी पाणीखात्यातला एमॉस ग्रीनवूड आला. अजून गल्लीत कुणी नळ सोडला नव्हता. त्याच्याकडे लांब लाकडी काठी होती. तिचं एक टोक नळाच्या लोखंडावर टेकवायचं, दुसरं कानाला. नळाची बाहेरची चावी, दारातली चावी, मोरीतली चावी, सगळीकडे तो गुडघ्यावर बसून ऐकत गेला.

नोरीनने टोमणा मारलाच, की जमिनीला कान लावायचे पैसे मिळतात हे तिला माहीत असतं तर तिने पोस्ट कधीच सोडलं असतं.

एमॉस हसला. त्याचा साहेब म्हणे सांगायचा की ‘कान जमिनीला’ ही म्हण अमेरिकेतली, तिकडच्या माळावर घोड्यांच्या टापा लांबून कळाव्यात म्हणून लोक आडवे पडायचे. एमॉसचा बाप खाणीतला. तो शपथेवर सांगायचा की ती खाणवाल्यांचीच, दरड कोसळायची चाहूल ते जमिनीला कान लावूनच घ्यायचे.

"कुणाची का असेना," एमॉस उठता उठता म्हणाला, "गुडघे माझेच दुखतात."

मग त्याने काठी आवरली. नळ फुटला की एकसारखा फुत्कार येतो, इथे तसं काही नाही, गळती नाही. नोरीनने पर्समधून पेन काढलं. तिच्या तोंडावर आनंद नव्हता, पण सुटल्यासारखं काहीतरी होतं. विनीला ते दिसलं आणि तिचं डोकं फिरलं.

"तुम्ही नळ ऐकलात," ती एमॉसला म्हणाली. "मी जमीन ऐका म्हणतेय."

जमीन माझ्या कामात येत नाही हो, असं तो पुटपुटला. पण विनी टेबल ओढायला लागली होती. शेवटी त्यानेच ते बाजूला केलं, काठी उघड्या फरशीवर टेकवली आणि डोळे मिटले. खूप वेळ गेला. विनीला वाटलं, हाही आता आपल्या होडीत बसला.

"आहे," तो म्हणाला. "आमच्या नळाचं नाही, पण आहे. जुन्या गिरणीचा पाट असणार. वरून दगड टाकून झाकतात, मग लोक विसरतात. पाणी नाही विसरत."

"पंचेचाळीस वर्षं राहतेय ती इथे," नोरीन म्हणाली. "आत्ताच कसं ऐकू आलं?"

"तुझा बाप होता तोवर घोरायचा," विनी म्हणाली. "दिवसासुद्धा. त्या खुर्चीत."

नोरीनने चर्चला जायचा कोट तसाच अंगात ठेवून गुडघे टेकले. काठी नको म्हणाली. गाल गार फरशीला लावून ती पडून राहिली.

"येतंय का ऐकू?" विनीने विचारलं.

"नाही," नोरीन म्हणाली. "थांब जरा. बोलू नकोस."

एमॉस आपला आपण निघून गेला. रस्त्यावर चर्चला जाणाऱ्यांची पावलं वाजली आणि पुढे गेली. विनी खुर्चीत बसून राहिली. लेक इतका वेळ गप्प तिने लहानपणीसुद्धा कधी पाहिली नव्हती. बऱ्याच वेळाने नोरीन डोळे न उघडताच म्हणाली, की उद्या ती वृद्धाश्रमात फोन करून खाट नको म्हणून सांगेल.