अ‍ॅप्रनचं बटण

"मावशी, बघा तरी! सातवा सरत आला तरी अ‍ॅप्रनचं बटण लागतंय!" आमच्या लॅबमधली चिपवाली पोटावरून हात फिरवत हसली.

मीही हसले. आत मात्र जळत होतं.

एकोणीस वर्षं मी प्रसूतिगृहातून या लॅबमध्ये बर्फाच्या डब्यात वार आणतेय, पोटात बाळाला पोसते ती. धुवायची, नाळ नि पडदे कापायचे, मग वजन. हिला येऊन दीड वर्ष झालं नि कौतुक सगळं हिचं. नखाएवढ्या प्लास्टिकच्या चिपवर हिने वारेच्या पेशी वाढवल्या. एका बाजूला आईचं रक्त समजा, दुसरीकडे बाळाचं. मधून अन्न किती जातं ते ही मोजते. पोटातल्या बाळाची वाढ का खुंटते, ते म्हणे यातून कळणार. आयत्या पिठावर रेघोट्या! वार आणून देणारी मी.

वर हिला लग्नानंतर लगेच दिवसही राहिले. मला सहा वर्षांनी राहिले होते. माझंही पोट दिसत नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, "नशीबवान गं, जराही सुटली नाहीस!" मीही वेडी, मिरवायची. आठव्यात बाळ हलायचं थांबलं. माझी वार कुणी मोजली नाही, बादलीत गेली.

म्हणून ते बटण माझ्या नजरेत आलं; पोट वाढत नाही म्हणजे बाळ वाढत नाही. आणि मी गप्प बसले. हिलाही कळू दे एकदा, असं मनात आलं. खोटं कशाला सांगू? चार दिवस येत राहिलं. सोनोग्राफी ती पुढे ढकलत होती, चिपचं काम संपू दे म्हणून. दिव्याखाली अंधार.

पाचव्या दिवशी मायक्रोस्कोपमध्ये बघता बघता ती म्हणाली, "आजकाल लाथा कमी मारतं हो. शहाणं झालंय."

माझ्या हातातला चिमटा पडला.

"ऊठ. आत्ताच्या आत्ता सोनोग्राफीला चल."

"अहो मावशी, एवढं रीडिंग..."

"खड्ड्यात गेलं तुझं रीडिंग! ऊठ म्हणते ना!"

सोनोग्राफीत बाळ फारच लहान निघालं; दुपारी सिझेरियन ठरलं. स्ट्रेचरवरून तिने माझा हात धरला. "तुमच्या कसं लक्षात आलं?"

"बटण," मी म्हणाले. चार दिवसांचं काही बोलले नाही.

पोरगी साडेनऊशे ग्रॅमची. काचेच्या पेटीत ठेवली, पण रडली. नर्सने तिच्या वारेचा डबा माझ्याकडे दिला. "मावशींच्याच हातात द्या म्हणाल्या."

वार धुतली, पडदे कापले, काट्यावर ठेवली. एकशे सत्तर ग्रॅम. तळहातावर मावत होती. एवढीशी वार बाळाला काय पुरवणार? माझीही अशीच असणार. इतकी वर्षं मी स्वतःलाच बोल लावत आले होते. आणि तेव्हाही, देवा, मला हेवा वाटला. हिची कुणीतरी मोजत होतं.

आमच्या वहीत आईचं नाव लिहीत नाहीत, फक्त नंबर आणि वजन. मी तिचा नंबर लिहिला, वजन लिहिलं. त्याच्या वरची एक ओळ मी कोरी सोडली होती, माझ्या न मोजलेल्या वारेसाठी.