आमेन म्हणण्याआधी

रविवारची उपासना आटोपली, जेवणं झाली, आणि शिवणआजींनी मशीनवरची कापडं बाजूला सारून नातीला हाक मारली. लग्नाचा पांढरा झगा कच्च्या टाक्यांवर उभा राहिला होता, बाह्यांचं माप तेवढं पुन्हा बघायचं होतं.

शिवणआजी हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चर्चच्या मंडळीतल्या तीन पिढ्यांचे लग्नाचे झगे आणि गायनवृंदाचे निळे झगे शिवता शिवता खरं नाव मागे पडलं, ते पडलंच. नातीचंही तसंच. लहानपणी ती गायनवृंदात इतका उंच सूर लावायची की तिला सगळे ‘शिट्टी’ म्हणू लागले. आईबाप लवकर गेले, आजींनी तिला वाढवलं. आता ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती, आणि मंडळीच्या अध्यक्षांच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. तो उपासनेत गिटार वाजवायचा. मुलगा देवभीरू, घर मोठं, सोन्याहून पिवळं झालं असं सगळे म्हणाले होते.

आजींनी बाही वर सरकवली आणि त्यांचा हात थांबला. दंडावर बोटांचे निळे वळ होते.

“हे काय गं?”

“दाराला लागलं.”

“दाराला बोटं असतात होय?”

शिट्टी खाली बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नानंतर नोकरी सोड, असं तो म्हणाला. ती नाही म्हणाली. आधी तिचा फोन भिंतीवर गेला, मग दंड पिरगळला गेला. आणि ही पहिली वेळ नव्हती.

आजींच्या पायाखालची जमीन सरकली. पण आधाराला हात पुढे केला की तो ओळखीच्या भिंतीकडेच जातो. त्यांना जुने पाळकसाहेब आठवले. कुणाचा नवरा पिऊन मारतो असं कानावर आलं की ते सायकल काढायचे, त्या माणसाला फिरायला घेऊन जायचे, आणि काय बोलणं झालं ते पाळकांच्या स्वतःच्या बायकोलाही कळत नसे. त्यांच्या पोटात शिरलेली गोष्ट तिथेच मुरायची. त्या काळी मागचे बाक आधी भरत. तरुण पोरं मुद्दाम मागे बसत, कारण तिथून मुली नीट दिसत. पाळकांना ते ठाऊक असे, आणि ते हसून सोडून देत.

म्हणून आजी म्हणाल्या, आताच्या पाळकांच्या बायकोला, पाळकीणबाईंना जाऊन सांग, त्या अध्यक्षांशी बोलतील. शिट्टीने नकारार्थी मान हलवली. सगळ्यांना कळेल, म्हणाली.

“देवाच्या घरातली बाई ती,” आजी म्हणाल्या. “आपलीच माणसं आहेत. जा तू.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिट्टी जाऊन आली. चेहरा जरा सैल झाला होता. बाईंनी जवळ बसवून घेतलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. निघताना डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन.

आणि त्यांनी केली.

गुरुवारी दुपारी स्त्रियांची प्रार्थनासभा असे. सुरुवातीला विनंत्या घेतल्या जात. चहाड्या करणं पाप, हे तिथल्या प्रत्येकीला पाठ होतं; पण प्रार्थनेसाठी विनंती करणं पुण्य होतं, म्हणून जिला जे सांगायचं असे ते विनंतीचा पदर डोक्यावर घेऊन येई. अमकीच्या सुनेला अजून मूल नाही, तिच्यासाठी मागू या. तमकीचा मुलगा नापास झालाय, अजून तिला ठाऊक नाही, तिच्या धीरासाठी मागू या. त्यातली खरी मेख पुढे होती. भांडणात उलट बोलता येतं, चहाडीचा जाब विचारता येतो. प्रार्थनेला मध्येच अडवता येत नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना खाली, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं. म्हणजे शिक्कामोर्तब.

त्या गुरुवारी पाळकीणबाईंनी आवाज ओलसर केला.

“हे प्रभो, आमच्यातल्या एका लेकीला तू नम्रता दे. लग्न तोंडावर आलंय, पण तिच्या जिभेला लगाम नाही. नोकरीच्या गर्वाने तिचं मन फुगलंय. एका देवभीरू घरातल्या मुलाला ती राग आणते, आणि मग त्याच्याकडे बोट दाखवते. तिला सोसायला शिकव, प्रभो, क्षमा मागायला शिकव.”

आजींचं मन ‘लेकीला’ या शब्दापाशीच अडकलं होतं. नोकरी म्हटल्यावर ती लेक कोण ते त्यांना कळलं. पण तोंडाला जन्मभराची सवय. प्रार्थना संपली आणि सगळ्यांबरोबर त्यांच्याही तोंडून आमेन गेलं. एके काळी गायनवृंदात खालचा सूर धरणारा त्यांचा आवाज, वयानेही दबला नव्हता.

त्यांनी डोळे उघडले. दारात शिट्टी उभी होती. आजी चष्मा घरी विसरल्या होत्या, तो द्यायला ती मधल्या सुटीत घरी डोकावून आली होती. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शिट्टी सरळ आत आली, चष्म्याचं घर आजींच्या हातात ठेवलं आणि वाकून हळूच म्हणाली, “आजी, तुझं आमेन सगळ्यांत मोठ्याने आलं.”

संध्याकाळी तिने अध्यक्षांच्या टेबलावर साखरपुड्याची अंगठी ठेवली आणि चहाला न थांबता घरी आली.

पुढे काय झालं असेल ते अशा मंडळीत वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. मंडळीच्या पंचांची सभा भरली. शिट्टीने भर उपासनेत मुलाच्या घरच्यांची क्षमा मागावी, तोवर तिने प्रभुभोजनाची भाकर घेऊ नये, गायनवृंदात उभं राहू नये, असं ठरलं. मुलाला कुणी काही विचारलं नाही. ज्या हाताने दंड पिरगळला त्याच हाताने तो दर रविवारी गिटार वाजवत राहिला, डोळे मिटून, भक्तिभावाने. पंचांतल्या निम्म्यांच्या तोंडात शिट्टीनेच घासूनपुसून तयार केलेल्या कवळ्या होत्या. “माझ्याच दातांनी मला चावतायत,” असं ती एकदा म्हणाली आणि हसली. आजींना हसू आलं नाही.

शिट्टीने देवळाकडे पाठ फिरवली. मग एकेक निळा झगा आजींच्या घरी परत येऊ लागला. कुणी बंड केलं नाही, कुणी पत्रकं काढली नाहीत. वायरिंगची कामं करणारा जाड आवाजाचा पोरगा आला, कामाच्या वेळा बदलल्यात म्हणाला. दोघी बहिणी आल्या, त्यांचे रविवारचे क्लास निघाले. सगळे झगे धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. सगळ्यात शेवटी नर्सिंग शिकणारी मुलगी आली. तिने निमित्त सांगितलं नाही. उंबऱ्यातच म्हणाली, “आजी, मीही एकदा पाळकीणबाईंना काही सांगितलं होतं.” काय ते आजींनी विचारलं नाही. झग्याची घडी तेवढी त्यांनी बाकीच्या झग्यांवर ठेवली.

घरात बोलणं उरलं होतं मिठापुरतं. शिट्टी वेळेवर औषध देई, पाठीला शेक देई, पण ते आमेन दोघींच्या मध्ये ताटासारखं मांडलेलं असे. एक दिवस तिने सांगितलं, दुसऱ्या शहरात काम मिळालंय, सोमवारी निघणार. आजींच्या ओठांवर ‘माझं चुकलं’ आलं होतं. पण बंद दाराआड म्हटलेलं ‘चुकलं’ चारचौघांतल्या आमेनला कुठवर पुरणार, असं वाटून त्या गप्प राहिल्या.

इकडे मागचे बाक ओस पडलेले पाहून पंचांना जाग आली होती. तरुण पिढी मंडळीपासून दूर का जाते याचा शोध घ्यायला समिती नेमली गेली. समितीतला सगळ्यात तरुण सभासद नुकताच नोकरीतून निवृत्त झाला होता. मोबाईल, मोठे पगार, आईबापांचे लाड आणि जगाचा वारा अशी कारणं सापडली. उपाय ठरले ते असे: रंगीत दिवे, मोठा पडदा, आणि उपासनेनंतर बिस्किटांऐवजी केक. समितीने आजींनाही बोलावलं. गायनवृंद रिकामा दिसतो, तेव्हा ते निळे झगे कापून लहान मुलांच्या मापाचे करून द्या, म्हणाले.

आजींनी एवढंच विचारलं की, गेलेल्यांपैकी एकाला तरी कुणी विचारलं का?

अध्यक्ष हसले. “मावशी, रोग काय ते रोग्याला विचारतात का? वैद्याला विचारतात.”

आणि वैद्यानेच विष घातलं असेल तर, असं आजींच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्या ‘बघते’ म्हणून उठल्या.

शिट्टी जाण्याच्या आदल्या दिवशीचा रविवार. तरुणांसाठी विशेष प्रार्थना होती. अध्यक्ष पुढे आले, सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

“हे प्रभो,” त्यांनी सुरुवात केली, “कळपातली एक हट्टी मेंढी फुटली की बाकीची कोकरं तिच्या मागे खड्ड्यात जातात. त्या मेंढीचा गर्व तू मोड...”

आजींनी डोळे उघडले. प्रार्थना चालू असताना मंडळी कशी दिसते ते त्यांनी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. वाकलेल्या पांढऱ्या माना. मागे मोकळे बाक. गिटारवर डोकं टेकून बसलेला तो मुलगा. त्या समोरच्या बाकाला धरून उभ्या राहिल्या.

“थांबा, अध्यक्ष.”

अध्यक्षांनी आवाज चढवला आणि प्रार्थना पुढे रेटली.

“थांबा म्हटलं मी. ही प्रार्थना नव्हे. आधी समोरच्याला डोळे मिटायला लावायचे आणि मग दगड मारायचा, याला प्रार्थना म्हणत नाहीत. माझ्या नातीच्या दंडावर तुमच्या मुलाची बोटं होती. मी झग्याचं माप घेताना पाहिली. मीच तिला विश्वासाने इथे पाठवलं, आणि इथे तिचं दुखणं गुरुवारच्या चहाबरोबर वाटून खाल्लं गेलं. त्या दिवशी मीही आमेन म्हटलं. माझं चुकलं. आज म्हणणार नाही.”

आताचे पाळकसाहेब व्यासपीठावरून लगबगीने खाली उतरले. “आजी, बसा. आपण नंतर खासगीत बोलू.”

“खासगीत बोलायलाच ती आली होती, साहेब.”

पाळकीणबाईंनी मान वर केली नाही. आजींना अजून एक सांगायचं होतं. “झगे मी कापणार नाही. ज्यांच्या मापाचे आहेत त्यांच्या दारात जा आणि क्षमा मागा.”

अध्यक्षांनी उरलेली प्रार्थना दोन वाक्यांत गुंडाळली. पण शेवटी जे यायला हवं होतं ते आलं नाही. पहिल्या बाकावरचे बहिरे आजोबा तेवढे आमेन म्हणाले. त्यांना काहीच ऐकू आलेलं नव्हतं.

आजी घरी पोचायच्या आत बातमी फोनवरून पोचली होती. शिट्टी उघड्या बॅगेजवळ बसली होती.

“तू मध्येच उठलीस?”

“उठले.”

“चालू प्रार्थनेत?”

“मग काय, संपल्यावर कोण ऐकतं?”

शिट्टी हसली, तिच्या नावाला शोभेल असं, आणि हसता हसता तिने आजींच्या मांडीवर डोकं ठेवलं. मग तो पांढरा झगा काढून दोघी उसवायला बसल्या. कापड चांगलं होतं, पडद्यांना झालं असतं.

“मी तिथे परत येणार नाही, आजी.”

“ये म्हणत नाही.”

“मग तू कशाला जातेस?”

आजींनी दोरा तोडला. “तुमचं बरं आहे, तुम्ही उठून जाऊ शकता. माझं सगळं आयुष्य तिथेच पुरलेलं आहे. निदान डोळे उघडे ठेवून बसते.”

सोमवारी शिट्टी गेली. गुरुवारी आजी प्रार्थनासभेत आपल्या नेहमीच्या जागेवर बसल्या. विनंत्या झाल्या, माना खाली गेल्या. पाळकीणबाईंनी आवाज ओलसर करून ‘आमच्यातल्या एका सुनेसाठी’ अशी सुरुवात केली, आणि का कोण जाणे, त्यांनी किंचित डोळे किलकिले केले. समोर आजी टक्क जाग्या, चष्मा लावून बघत होत्या. बाई अडखळल्या, खाकरल्या. मग प्रार्थनेची गाडी देवळाच्या गळक्या छपराकडे वळली, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी त्यांनी देवाकडे मागणं मागितलं.

त्यावर आजी आमेन म्हणाल्या, चांगल्या मोठ्याने. आणि त्यांची नजर आपोआप दाराकडे गेली. दारात कुणी नव्हतं.