झुल्मिरा आत्याचा घेवडा

झुल्मिरा आत्याने ताटातला एक दाणा उचलून दातांखाली धरला आणि न चावताच परत ताटात टाकला.

"दिसायला तर आपल्या घेवड्यासारखाच आहे," ती म्हणाली. "पण दिसण्यावर काय आहे? आमचा वाल्देसीसुद्धा कामाचा दिसतो."

उंबऱ्यात बसून सुरीला धार लावणारा तिचा मुलगा वाल्देसी खुदकन हसला. चाळिशी उलटली तरी आईची बोलणी खाल्ल्याशिवाय त्याचा रविवार साजरा होत नसे.

जुसाराला मात्र हसू आलं नाही. पट्टेरी घेवड्याची ती पिशवी तिने शहरातून मांडीवर धरून आणली होती. तो घेवडा तिच्या प्रयोगशाळेतला होता. खायला आणि पेरायला परवानगी मिळाल्याचं कळलं, तेव्हा बाकीचे लोक बिअर प्यायला गेले आणि ती आत्याकडे येणाऱ्या बसची चौकशी करत बसली.

आई गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं होतं, आणि तेही घरामागच्या उतारावर पिकणाऱ्या घेवड्यावर. मग पांढरी माशी आली आणि पाठोपाठ केवडा रोग. पानं हळदीसारखी पिवळी पडली, शेंगा वाकड्या झाल्या. लागोपाठ पिकं गेली, तेव्हा आत्याने सगळं उपटून जाळलं आणि उतारावर गुरं सोडली. त्यानंतर तिने घेवड्याचं नाव काढलं नाही. जुसारा झाडांचं शास्त्र शिकायला गेली ती त्याच वर्षी. आत्याने तो उतार पुन्हा पेरावा, एवढंच तिच्या मनात होतं. तिने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर आत्याने मुद्दाम पेरलं नसतं.

"काय गं, तू म्हणे बियाण्यावर बंदूक चालवतेस?" आत्याने विचारलं.

"बंदूकच म्हणतो आम्ही तिला. सोन्याच्या बारीक कणांवर डीएनए चढवायचा आणि तो दाण्यातल्या कोंबात मारायचा."

"सोन्याच्या? आणि मला वाढदिवसाला टॉवेल."

वाल्देसी पुन्हा हसला. आत्या दाणे निवडतच होती. खडा एकही नव्हता, तरी निवडत होती.

"आणि तो डीएनए कुणाचा?"

जुसारा अडखळली. थाप मारता आली असती. पण आत्यापुढे लहानपणापासून तिची एक थाप टिकली नव्हती.

"केवड्याचाच. म्हणजे, ज्या विषाणूमुळे तो होतो त्याचा एक इवलासा तुकडा. त्याने रोग होत नाही, आत्या. झाडाला फक्त ओळख राहते. खरा विषाणू आत शिरला की झाड त्याला ओळखतं आणि तिथल्या तिथे कापून काढतं."

आत्याचे हात थांबले.

"ज्याने माझं शेत खाल्लं, त्याला तू माझ्या चुलीवर चढवणार?"

"पोलीस चौकीत चोराचा फोटो लावतात ना, तसं आहे ते, आई," वाल्देसी म्हणाला.

"चौकीत लावतात. कुणी स्वयंपाकघरात लावत नाही."

ती ॲप्रनला हात पुसून उठली, ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसली आणि चुलीकडे पाठ केली.

जुसाराने कुकर लावला. दाणे शिजल्यावर डुकराच्या चरबीत लसूण तांबूस केला, त्यावर पळीभर दाणे चेचून घातले, तमालपत्र टाकलं आणि सगळं कुकरमधल्या दाण्यांत ओतलं. रस्सा हळूहळू दाट होऊ लागला. लसणाचा वास ओसरीवर गेला असणार, कारण तिकडची खुर्ची करकरली.

"भात बघायला आलेय," आत्या आत येत म्हणाली.

भाताकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. पळी उचलली, रश्शाचे दोन थेंब तळहातावर टाकले आणि चाटले. मग पुन्हा टाकले, पुन्हा चाटले. पळी खाली ठेवली आणि सरळ बाहेर निघून गेली.

जुसाराचा धीर खचला. प्रयोगशाळेत शेकडो रोपं तिच्या डोळ्यांदेखत मेली होती, पण तेव्हाही तिला इतकं वाईट वाटलं नव्हतं. ती नुसतीच रस्सा ढवळत राहिली.

तेवढ्यात कुंपणाकडून आत्याचा आवाज आला; ती शेजारणीला हाक मारत होती. तो आवाज पलीकडच्या टेकडीवरही गेला असेल.

"देवानीरा! स्वयंपाक केलास की नाही? असू दे, तुझ्या हातचं रोज खातातच बिचारे. सगळ्यांना घेऊन इकडे ये. आणि तुझ्या त्या ओनोफ्रेला उठव, म्हणावं आमच्या पोरीने घेवडा केलाय."

आत्या आत आली. तिचे कान लाल झाले होते, पण चेहरा होता तसाच तिरसट.

"आठ-दहा माणसं होतील," ती म्हणाली. "रश्शात पाणी घाल."

जुसाराला हसू आलं, डोळेही भरले. दोन्ही लपवण्यासाठी तिने घाईघाईने पिशवी ओढली.

"पाणी कशाला, आत्या? अजून पुष्कळ दाणे आहेत. दुसरा कुकर लावते."

आत्याने पिशवी तिच्या हातातून काढून घेतली, तोंडाला दोरी आवळली आणि ती काखेत मारली.

"पाणी घाल म्हटलं ना. वाल्देसी, ती सुरी ठेव आणि ऊठ. उतारावरची गुरं काढ."

"आत्ता? जेवण झाल्यावर काढतो की."

"आत्ता."

वाल्देसीने जुसाराकडे पाहिलं, मग आईच्या काखेतल्या पिशवीकडे, आणि टोपी डोक्यावर घालत निमूटपणे मागच्या दाराने गेला. जुसाराने तांब्या उचलला आणि रश्शात पाणी ओतलं. जरा जास्तच पडलं, पण आत्या काही बोलली नाही.