खोडाच्या छेदाशेजारचा गोल

त्या बुधवारी जयवंताचे बाबा दवाखान्यात आले ते वही छातीशी धरूनच. टायफॉईडने पाच आठवडे खाटेला खिळलेल्या जयवंताला, त्यांच्या लेकीला, गुरुवारी सुट्टी मिळणार होती आणि पुढच्या सोमवारी कॉलेजात बॉटनीचं जर्नल दाखवायचं होतं. जर्नलवर सही नाही तर परीक्षा नाही, वर्ष गेलं.

"पाह्य," त्यांनी वही उघडली. "तुह्या मैतरणीच्या, वच्छलाच्या वहीवरून सारं उतरवलं. एकबी पान सोडलं नाही."

बाबा, म्हणजे देवाजी, वाडीच्या गोदामात कापसाच्या गाठींवर मार्का घालत. कुठला माल कुठे जायचा त्याची इंग्रजी चिठ्ठी त्यांना वाचता येत नसे. दिसेल तशी ती काळ्या रंगाने गाठीवर उतरवायची. वीस वर्षांत त्यांची एक गाठ भलत्या गावी गेली नव्हती.

जयवंताने पानं चाळली. उभी, ठसठशीत अक्षरं. खोडाच्या छेदाशेजारी पेन्सिलीचा एक गोल होता, बारीक ठिपक्यांनी भरलेला.

"हे काय होय?"

"मले काय मालूम? तिच्या वहीत होतं."

"कपाचा डाग आहे तो, बाबा! वच्छलानं चहा ठेवला असंन वहीवर."

शेजारच्या खाटेवरच्या बायजाबाई पोट धरून हसल्या. "देवाजी, बरं झालं गा, माशी नव्हती चिपकली तिच्या वहीत! तिलेबी काढलं असतं तुमी!"

बाबाही हसले. जयवंता हसली नाही.

"जर्नल आपल्याच हातानं लिवा लागते. कोनं सांगतलं होतं तुमाले? लोक हासतीन."

"तुह्या हाताले तर सलाईन होती वं," ते म्हणाले. वही उशाशी ठेवली, स्टूल भिंतीला सारलं आणि कामावर गेले.

गुरुवारी सकाळी गोदामात गाठींची थप्पी बाबांच्या अंगावर कोसळली. जयवंताला घरी न्यायला काका चंपतराव आले. बाबा त्याआधीच गेले होते.

घरी बाबांसाठी त्रिशरण म्हटलं गेलं. माणसं आली, बसली, गेली. सोमवारी आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जाय. थेच पाहिजे होतं तुह्या बाबाले."

प्रयोगशाळेच्या दारात वच्छलाने तिचा दंड धरला. "काही बोलू नकोस. अक्षर तुझंच म्हणून सांग. बाई कुठे ओळखणार आहेत?"

खरंच, कोण ओळखणार होतं? गप्प राहिलं की सही मिळत होती. बोललं की बाबांची सगळी मेहनत रद्दीत जात होती. कसंही केलं तरी संध्याकाळी घरी जाऊन सांगायला बाबा नव्हते.

बाईंनी पेन उघडून पानं उलटली. एका पानावर थांबल्या. "हा गोल कसला? नाव दिलेलं नाहीस."

जयवंताने गोलाकडे पाहिलं. पेन्सिलीला टोक काढून एकेक ठिपका जिथल्या तिथे ठेवलेला. कुठे घाई नाही. गाठ भलत्या गावी जाऊ नये म्हणून.

"चहाच्या कपाचा डाग आहे, बाई."

"म्हणजे?"

"मैत्रिणीच्या वहीवर पडला होता. माझ्या बाबांनी उतरवला."

बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं. "मग हे जर्नल तू लिहिलेलं नाहीस."

"नाही." तिचा आवाज मागच्या टेबलापर्यंत गेला. "माझ्या बाबांचं अक्षर आहे. सुंदर आहे."