हळू बोलणाऱ्यासाठी

“पेटी दिसंना, चाचा,” खालिद म्हणाला.

शफीला तर ती समोरच दिसत होती. डब्याएवढी काळी पेटी, दोन वायरी लोंबणारी. कानाचं मशीन तिला जोडायचं आणि संगणकावरून आवाज कमीजास्त करायचा, हे काम शफी भोरच्या आपल्या दुकानात बरीच वर्षं करत होता. जुना संगणक जळाला, म्हणून पुतण्या खालिदने पुण्याहून आपला वापरलेला आणून दिला. त्या संगणकाला मात्र पेटीची ओळख पटेना. पेटी बनवणाऱ्याने तर धंदाच बंद केलेला.

“प्रोग्रॅम चालू झालाय की,” शफी म्हणाला.

“प्रोग्रॅम विंडोजची भाषा बोलतो, हा संगणक लिनक्सची. मधे मी दुभाषी बसवलाय. वाईन म्हणतात त्याला.”

“तोबा! नाव तरी बदल. चाची ऐकंल.”

“ऐकलं म्या,” आतून गुलजारबी म्हणाली.

खालिद हसला, पण बोटं थांबली नाहीत. “अडलंय ड्रायव्हरपाशी, पेटीची भाषा कळणाऱ्या तुकड्यापाशी. पेटीवाल्यानं तो स्वतः लिहिलेला, थेट विंडोजच्या पोटात बसणारा. दुभाषी त्याला दारातच घेत नाही. आता पेटीशी बोलायची वाट मलाच लिनक्सकडून काढावी लागंल. आन प्रोग्रॅमला वाटलं पायजे, जुना ड्रायव्हरच बोलतोय.”

“मग काढ की वाट.”

“येळ लागंल.”

शफीने बाकड्यावर बसलेल्या धोंडाबाईकडे पाहिलं. ती हिर्डोशीहून पहिल्या एसटीने आली होती. तिचा नवरा गेनबा घशाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. त्याचा आवाज बसत बसत नुसता श्वास उरला होता, आणि धोंडाबाईच्या मशीनला तेवढं पकडता येत नव्हतं.

“आक्का, येळ लागंल!” शफी तिच्या कानाशी ओरडला.

“लागू द्या!” तीही ओरडली. “ते बोलत्यात आन मला निसतं व्हट दिसत्यात. काल म्या इचारलं, काय म्हनता? चारदा इचारलं. तवा भितीकडं तोंड केलं त्यांनी. शेजारच्या आंबूबाईला बसवून आलीया.”

दुपार कलली तेव्हा पेटीवरचा हिरवा दिवा लागला. खालिदने खुर्चीला पाठ टेकली आणि डोळे चोळले.

आता आवाज कुजबुजीला जुळवायचा होता. त्यासाठी माणसाच्या पाठीमागे उभं राहायचं, तोंडावर हात धरायचा आणि हळूच काहीतरी बोलायचं. समोरच्याने ते परत म्हणून दाखवायचं. शफी मागे उभा राहिला. पण जन्म गेला बहिऱ्यांशी ओरडण्यात.

“उत्रोली!”

“चाचा, ही कुजबूज? उत्रोलीपर्यंत ऐकू गेलं.”

“सरका तुमी,” म्हणत गुलजारबी पदराला हात पुसत बाहेर आली. धोंडाबाईच्या मागे उभी राहून ती काहीतरी पुटपुटली. शफीलाही ते ऐकू आलं नाही. खालिद एकेक पायरी आवाज चढवत गेला. धोंडाबाईची मान हळूहळू कलली, आणि मग ती खुदकन हसली.

“भात करपला म्हनत्यात!”

“तुमच्यापायीच करपला,” गुलजारबी तितक्याच हळू म्हणाली, आणि धोंडाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात रस्त्यावर टेम्पोने हॉर्न दिला. तिने दचकून दोन्ही कान धरले. शफी म्हणाला, “आक्का, वाटंनं मशीन काढून ठेवा. घरात पाय टाकताना घाला.” तिने मान डोलावली, मशीन चोळीत ठेवलं आणि एसटी स्टँडकडे जवळजवळ पळतच गेली.

दिवसकार्य उरकल्यावर ती पुन्हा आली. कपाळ मोकळं. शफी उठून उभा राहिला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

“मानसं दिसली अंगनात,” धोंडाबाई म्हणाली. “म्हटलं, बगाया आली असतील. तुमी सांगितल्यालं, म्हनून उंबऱ्यापाशी मशीन घातलं. लई जोरात आलं, शफीभाऊ. सगळ्या बायांचं रडनं एकदम. डोस्क्यात कुऱ्हाड बसावी तसं.”

“काडायचं हुतं, आक्का.”

“न्हाई काडलं. म्हटलं, एकांदा सबूद ऱ्हायला असंल त्यांचा. म्या वाकून कान लावला तोंडापाशी. समद्यांनी वडली मला मागं.”

शफीने तिला बसायला बाकडं पुढे ओढलं.

“दुपारीच गेले. आंबूबाई म्हनती, हाका मारल्यावानी व्हट हलत हुते. काय म्हनत हुते, ते तिलाबी उमगलं न्हाई.” तिने मशीन काढून टेबलावर ठेवलं. “आवाज कमी करून द्या. आता हळू बोलनारं घरात कोन न्हाई.”

शफीने मशीन पेटीला जोडलं. हिरवा दिवा लगेच लागला, काही अडचण आली नाही. तो एकेक पायरी खाली उतरू लागला. प्रत्येक पायरीला मशीन तिच्या कानाला लावून विचारायचा, “एवढा?” ती म्हणायची, “आनि कमी.”

गुलजारबीने चहा आणून दिला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाली. धोंडाबाईला ते ऐकू गेलं नाही. तिने गुलजारबीच्या ओठांकडे पाहिलं आणि उगीच “व्हय” म्हटलं.

चहा संपल्यावर, गुलजारबी नको नको म्हणत असतानाही, तिने दारातल्या नळावर कप विसळला, बाकड्याच्या कोपऱ्यावर पालथा घातला, आणि हिर्डोशीच्या गाडीला निघाली.