गटारातली नळी काचेत

मित्रांनो, दारातून आत शिरताच उजव्या हाताला काचेचं कपाट दिसतं ना, त्यात वेटोळं घालून बसलेली मी एक जुनी तांब्याची नळी आहे. अंगावर चकाकी, पायाशी हिरव्या अक्षरांची पाटी. बघणारे म्हणतात, काय थाट आहे हिचा. या थाटाने माझा जीव नकोसा केला आहे.

ही एक लॉन्ड्री आहे. इस्पितळांच्या चादरी इथे उकळत्या पाण्यात धुतात. वर्षानुवर्षं ते कढत पाणी तसंच गटारात जाई आणि बॉयलरमध्ये पुन्हा गार पाणी भरत. कोणाला त्याचं काही वाटत नसे. मग शहराने नियम केला, ज्याचं धुराडं फार धूर ओकेल त्याचा परवाना जाईल. तेव्हा कुठे मालकीणबाईंनी मिस्त्रीकाकांना हाक मारली.

काकांनी मला भंगारातून आणलं. पोटात वाळू भरून, शेकून शेकून वाकवलं आणि गटाराच्या टाकीत बसवलं. बाहेरून कढत घाण पाणी, पोटातून स्वच्छ गार पाणी. बॉयलरपाशी पोचेपर्यंत ते चांगलं ऊन झालेलं असे. दिवसाला दहा पोती कोळसा लागायचा, तो सातांवर आला. भट्टीवरच्या मावशींचा जुना खोकला निवला. जाता-येता टाकीवर हात ठेवून त्या म्हणत, "गुणाची गं बाई माझी." देवाने मला घडवलं ते याच सेवेसाठी, असं वाटे.

आता तुम्ही विचाराल, मग बिघडलं कुठे? कौतुकात बिघडलं. धूर कमी करण्याची नवी युक्ती काढणाऱ्याला मानपत्र आणि तीन वर्षं धुराड्याची तपासणी माफ, असं शहराने जाहीर केलं. पाहणीला शहराची समिती येणार म्हटल्यावर मालकीणबाई गडबडल्या. पाहुण्यांना गटारापाशी कसं न्यायचं? त्यांनी मला उपसून, घासूनपुसून इथे मांडलं. समितीने टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, मानपत्र दिलं. माझ्यातून पाणी कुठे वाहतं, हे एकानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका पाना घेऊन आले.

"अहो काका, आता ती मानाची झाली," मालकीणबाई म्हणाल्या. "परत गटारात घालून पुढच्या समितीला काळीठिक्कर दाखवायची का?"

"बाई, तिची अक्कल गटारातच चालते. इथे ती नुसती देखणी."

"तीन वर्षांनी बघू."

काका दर सोमवारी विचारत राहिले. हल्ली विचारत नाहीत; जाताना फक्त काचेवर टिचकी मारतात. कोळसा पुन्हा दहा पोती झाला आहे. धुराड्याची काजळी रोज माझ्या काचेवर बसते आणि रोज सकाळी मावशी खोकत खोकत येऊन ती पुसतात, मी चकचकीत दिसावी म्हणून.

मित्रांनो, माझं कौतुक पुरे झालं. मानपत्र खुशाल भिंतीवर ठेवा, पाटीही राहू द्या. पण कोणीतरी काकांना सांगा, पाना घेऊन या. मावशींना फार धाप लागते हो.